मास्तरांनी बॅटरी निवडली तेव्हा

आमचे मेहुणे शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, पण ते काही त्यांना ऐकू येत नाही. जन्मापासून बहिरे. माझी धाकटी बहीणही तशीच. दोघांचा संसार हातांच्या खुणांवर चालला, आणि आमच्यासारख्या बोलघेवड्यांपेक्षा बरा चालला. भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण भांडायलाही दोन्ही हात लागायचे, तोवर गॅसवरची भाजी करपायची, आणि मग दोघं हसत हसत तीच खायचे.

मास्तर म्हणजे भारी चोखंदळ माणूस. शर्टाला साधं बटण लावायचं तरी उजेडात धरून बघणार, फिरवणार, परत डबीत टाकणार. माझं डोकंच फिरायचं.

धाकटीनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. आणि नेमका तेव्हाच गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. दुष्काळात तेरावा महिना! दिवस मावळला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. तुम्हीआम्ही अंधारात निदान हाक तरी मारतो. तिला 'मी आहे गं' एवढंही कुणी सांगू शकत नव्हतं. ती हवेत हात हलवत काहीतरी विचारत राहायची, आणि ते कुणाला दिसायचं नाही. मेणबत्ती लावावी तर धुरानं खोकल्याची उबळ.

मी तरातरा घरी गेले, मोठी बॅटरी आणली आणि झोत टाकला तिच्या तोंडावर. तिनं डोळे गच्च मिटले. मास्तरांनी बॅटरी हिसकावलीच. ती स्वतःकडे वळवून खुणांनी मला सुनावलं, "ऐकणाऱ्याच्या कानात बोळे कशाला घालतेस? बोलतोय मी, उजेड माझ्यावर पाड."

"आणि ती बोलेल तेव्हा?" मीही तशीच फटकळ.

मास्तरांनी बॅटरी एकदा तिच्याकडे, एकदा स्वतःकडे वळवून बघितली. दुसऱ्या दिवशी शेजारणीला घरी बसवून ते मला दुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं लांब पल्ल्याच्या काढल्या, पाण्यात चालणाऱ्या काढल्या. "यांना चोर पकडायचेत की विहिरीत उतरायचंय?" त्यानं मला विचारलं. मास्तर एकेक पेटवून काउंटरवर ठेवत, त्या उजेडात 'पाणी हवं का?' अशी खूण करत आणि माझ्याकडे बघत. एक घरंगळली. एकीनं त्यांचा चेहरा भुतासारखा दिसायला लागला. डोक्याला बांधायची लावून बघितली, तर माझेच डोळे दिपले. हातात धरायची तर त्यांनी बाजूलाच सारली. एक हात बॅटरीला दिला की बोलणं अर्धंच.

मी चिडून खुणा केल्या. "अहो, ती तिकडे शेवटचे दिवस मोजतेय आणि तुम्ही इथे बटणं निवडल्यासारखं काय चालवलंय!"

"म्हणून तर," त्यांनी खूण केली.

शेवटी एक बुटकी निवडली. आपली आपण उभी राहणारी, वर दुधी टोपण असलेली. दुकानदार म्हणाला, "ही नका नेऊ. चार पावलांपुढे काही दिसणार नाही."

मी ते मास्तरांना सांगितलं. मग त्यांचं उत्तर दुकानदाराला सांगितलं. "ते म्हणतात, आम्हाला चार पावलांपुढे जायचंय कुठे?"

त्या संध्याकाळी बॅटरी दोघांच्या मध्ये स्टुलावर ठेवली. मऊ उजेडात दोघांचेही हात दिसत होते, आणि चेहरेही. धाकटीनं पहिलं काय सांगावं? "दाढी करा. ध्यान दिसताय नुसतं!" मास्तर असे हसले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मग रोज दिवेलागणीला दोघं बोलत बसायचे.

एका संध्याकाळी तिचे हात पांघरुणावरून उठलेच नाहीत. नुसती बघत होती. मास्तर सांगत होते, कुणाचा कोट घट्ट झाला, कोण माप देताना पोट आत घेतो. बघता बघता तिचे डोळे मिटले. श्वास अडखळत चालला होता. मास्तरांचे हात थांबले.

मी बॅटरी बंद करायला गेले. म्हटलं, आता तिला उजेड कशाला? मास्तरांनी माझं मनगट धरलं, मग सोडून खूण केली, "उघडले तर?"

आणि सरकून उजेडात आले.

तिनं डोळे उघडले नाहीत. मास्तर मात्र बोलायला हात वर धरून तसेच बसून राहिले.