बाबांच्या डब्याला चिकटलेलं चुंबक

महिन्यापूर्वी बाबा गेले. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ते पत्रा दाबून भांडी घडवणाऱ्या प्रेसवर होते. आज जुनी भांडी मोडीत द्यायला नेली. त्यात त्यांनी स्वतः घडवलेला डबाही होता.

भंगारवाल्याने काठाला चुंबक लावलं. चिकटलं. "इसमें निकल नहीं है, भाई." म्हणजे निकेल नसलेलं, हलकं स्टील; भाव कमी.

कॉलेजात असताना मीही याच डब्याला असंच चुंबक लावून बाबांना हसलो होतो. ते गप्प राहिले होते.

सोबत बाबांबरोबर प्रेसवर काम केलेले काका होते. म्हणाले, "अरे, निकेलवाला पत्रा दाबला की आतली रचना बदलते, तिथे चुंबक धरतं. तळाचा पत्रा फारसा ताणला जात नाही, तिथे लाव."

तळाला चिकटलं नाही.

"मग बाबा तेव्हा बोलले का नाहीत?"

"मला म्हणाला, पोरगा इंजिनिअरिंग शिकतोय, त्याला मी काय शिकवणार?"

डबा परत आणलाय. तुमचे बाबा असतील, तर त्यांच्या कामातलं काही आज विचाराल का?