पुठ्ठ्याचा खिसा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायको शेवटी लेकीकडे का राहिली असं कुणी विचारलं की म्हणायचो, तिला आमच्या कुरवंडे गावचा चढ झेपेना. खोटं आहे ते. मी तिला मारलं म्हणून ती गेली.

लोणावळ्यातल्या एका चिक्कीवाल्यासाठी आम्ही दोघं घरी खोकी वळायचो. पुठ्ठ्यावर कात्रीच्या पाठीनं रेघ ओढायची, रेघेवर घडी दाबायची, कडेची जीभ खाचेत सारायची. डिंक लागत नाही. हे मीच तिला शिकवलं. पुढे ती भुशीच्या वाटेवरच्या हॉटेलात खोल्या आवरायला जाऊ लागली, तरी घडी माझ्याहून सरळ घालायची.

आम्हाला पुठ्ठा विकणाऱ्या मुसलमान दुकानदाराच्या मुलाशी आमच्या मुलीनं लग्न केलं. माझ्या आज्याला गावानं पाणवठ्यावर चढू दिलं नव्हतं, हे मी दर जयंतीला माईकवर सांगत आलो. त्याच तोंडानं मुलीला सांगितलं, या घराचं पाणी तुला बंद.

दिवाळीत हॉटेलनं कामगारांना कपड्यांच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड दिलं. एका दुपारी घरात शिरलो तर ही उरलेल्या पुठ्ठ्याचं भेटकार्ड करत होती. आतल्या बाजूला खिसा, खिशात ते प्लास्टिकचं कार्ड, वर जीभ अडकवलेली. कुणासाठी, असं विचारलं. ती खोटं बोलली नाही.

"लेकीला. सातवा लागलाय तिला."

रेघा मारायची लोखंडी पट्टी मी उचलली आणि धारेच्या बाजूनं तिच्या बोटांवर हाणली. परत हाणली. एक पेर फुटलं, पांढऱ्या पुठ्ठ्यावर रक्त पसरलं. भेटकार्ड ओढलं तर जीभ सुटेना. मी ते दातांनी फाडलं. प्लास्टिकच्या कार्डाचे कात्रीनं तीन तुकडे केले आणि तिच्या तोंडावर फेकले. एक कोपरा डोळ्याखाली लागला.

तिनं हाताला पदर गुंडाळला, तुकडे वेचले आणि दुसरा पुठ्ठा ओढला.

"फाडा तुमी. मी परत करीन."

तेही मी पायाखाली चिरडलं. तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. ती खाली बसली, मग तिसरा पुठ्ठा घेतला. तेव्हा मी थांबलो. मन वळलं म्हणून नव्हे, हात दमला म्हणून.

सकाळी ती ते तिसरं घेऊन कामशेतला लेकीकडे निघाली. मी उंबऱ्यातून हसलो, तुकडे घेऊन चालली म्हणून. मला खरंच वाटत होतं, कार्ड कापलं म्हणजे भेट संपली. जन्मभर खोकी वळलेल्या माणसाला खोकं फाटलं की सगळं वाया गेलं असंच वाटणार. कपड्यांच्या दुकानातल्या मुलीनं तुकडे जुळवले, वरचा नंबर मशीनमध्ये टाकला आणि कपडे बांधून दिले. हे मला लेकीच्या फोनवरून कळलं.

"झबली मिळाली, अण्णा. तेवढं तुम्हाला मोडता नाही आलं. आईचं बोट मात्र आता वळायचं नाही म्हणाले डॉक्टर."

बाळ झाल्यावर मी कामशेतला गेलो. जावयानं दार उघडलं, बसा म्हणाला, पाणी आणून दिलं. ते मी प्यालो. ही खाटेवर नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ते एक बोट काठीसारखं बाहेर राहिलं होतं. तिनं विचारलं, "जेवलात का?" मी उपाशी होतो. व्हय म्हणालो. मग घरी कधी येतेस विचारलं, तर तिनं नाही म्हणून मान हलवली आणि नातीचं अंगडं नीट केलं. लेक भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. काही सांगायला आलोय हे तिघांनाही कळलं असावं. मी उठलो, गाडीची वेळ झाली म्हणालो.

त्याच थंडीत ती न्यूमोनियानं गेली. मला निरोप येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या दिवशी तिला सांगायचं एवढंच होतं: मी तुला मारलं. चूक तुझी नव्हती, लेकीचीही नव्हती. मला माफ कर.