दुभाष्याच्या घरचे दोन पक्षकार

कोर्टातल्या दुभाष्याची सव्वीस वर्षं एकाच नियमावर गेली. साक्षीदार जे बोलेल तेच बोलायचं, तेही 'मी' म्हणूनच. पदरचं घालायचं नाही, नको ते गाळायचं नाही. एकदा परकी भाषा बोलणारा एक म्हातारा न्यायाधीशांकडे बोट दाखवून तणतणला. दुभाषी उठला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, तुमच्या डोक्यात काही शिरत नाही." सगळं कोर्ट गार. साहेबांनी मात्र ते निमूट लिहून घेतलं. हा गडी चोराचं आणि सावाचं सारख्याच आवाजात सांगतो, कोणाची भीड ठेवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

घरी मात्र याच माणसाची भंबेरी उडायची. त्याची आई आणि बायको तीन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. भाषा दोघींची एकच, तरी मधे दुभाषी हवाच! भांडणाचं मूळ एक कपाट. आई पडून हात दुखावून घेतल्यावर हॉस्पिटलातून घरी आली, तर तिच्या खोलीतलं तिचं लग्नातलं कपाट बाहेरच्या खोलीत. "विचार तुझ्या बायकोला, का हलवलं?" बायकोने कारण सांगितलं होतं, पण चढ्या आवाजात. म्हणून यानं आईला येऊन एवढंच सांगितलं, "ती म्हणते, चुकलं माझं." आगीत तेल नको, हा त्याचा शहाणपणा. पुढेही दोन्हीकडे असंच गुळमुळीत बोलून त्याने दिवस ढकलले.

आज सकाळी आईने बॅग भरली. निघाली लेकीकडे, कायमची.

आता कसली सारवासारव करणार? तो स्वयंपाकघराच्या दारात, दोघींच्या मधोमध, कोर्टात राहतो तसा हात मागे बांधून उभा राहिला.

"सांग तिला," आई म्हणाली, "मी मरेपर्यंत तरी थांबायचं होतंस. जिवंतपणीच माझं सामान बाहेर काढलंस."

तो बायकोकडे वळला. "मी मरेपर्यंत तरी थांबायचं होतंस. जिवंतपणीच माझं सामान बाहेर काढलंस."

बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. "असं वाटतं त्यांना? अहो, ते कपाट त्यांच्या खोलीतून न्हाणीघरात जायच्या वाटेत होतं! त्यालाच अडखळून पडल्या ना त्या? पुन्हा पडल्या असत्या तर मी काय केलं असतं?"

त्याने हेही आईला शब्दन् शब्द सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही.

आईने बॅग खाली ठेवली. तीन महिन्यांनी तिने थेट सुनेकडे पाहिलं. "मग हे तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते, आई. अगदी असंच."

दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. मग त्याची बिनपाण्याने अशी काही हजामत झाली की विचारू नका! एकीचं संपलं की दुसरीचं सुरू. तो मान खाली घालून ऐकत होता आणि छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं त्याला सुटं सुटं वाटत होतं.

एवढ्यात आईने बॅग उघडून कपडे सुनेच्या हातात दिले. "कपाटाच्या वरच्या खणात ठेव."

"वरचा नको. हात उंच करायचा नाही म्हणालेत डॉक्टर."

त्याने सवयीने तोंड उघडलं. "आई, ती म्हणते..."

"ऐकलं मी," आई म्हणाली. "बाजूला हो."