सहा गावांचे गव्हर्नर

लढाईच्या काळात हिंदुस्थानात जेवढे गव्हर्नर होऊन गेले, त्यांत सगळ्यांत कमी मुलूख आणि सगळ्यांत जास्त हुकूम असलेला गव्हर्नर म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. मुंबईच्या गोऱ्या गव्हर्नराला निदान मुंबई तरी होती. आमच्या मामांकडे कराड आणि सांगलीच्या मधली कृष्णाकाठची सहा गावं होती, आणि त्यांतल्या एका गावात भावकीचं वैर असल्यामुळे तिथं ते हुकूम पाठवायचे, स्वतः जायचे नाहीत.

बेचाळीस सालानंतर आमच्या सातारा भागात लोकांनी इंग्रज सरकारला बाजूला सारून खेडोपाडी आपलंच सरकार सुरू केलं होतं. भूमिगत कार्यकर्ते भांडणं मिटवायचे, दारूचे गुत्ते बंद करायचे, हुंडा घेणाऱ्याला जाब विचारायचे. आमच्या गावांची देखरेख मामांकडे आली. ‘गव्हर्नर’ हे नाव लोकांनी टिंगलीनं ठेवलं होतं. मामांनी ते पदवी म्हणून घेतलं. तरुणपणी पलटणीत बसऱ्यापर्यंत जाऊन आल्यामुळे मिशा, ताठ मान आणि ‘हुकूम’ हा शब्द एवढं सामान त्यांच्याजवळ तयारच होतं. राजभवन म्हणजे उसाच्या फडातली खोप. ऊस तोडायला आला की राजधानी हलायची. पोलीस शोधत यायचे तेव्हा राज्यकारभार दोन-दोन दिवस पालथं पडून चालायचा, पण चालायचा.

मामांच्या न्यायाची कीर्ती दूरवर होती, कारण त्यांच्या कचेरीतून निर्दोष सुटलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. एकदा बांधावरून मारामारी झाली आणि डोकं फुटलेला फिर्याद घेऊन आला. मामांनी दोघांनाही चावडीपुढं पाणी भरायची शिक्षा दिली. फिर्यादी म्हणाला, “आवं दादा, मी तर मार खाल्लाय.” मामा म्हणाले, “त्यानं मारलं ह्यो त्याचा गुन्हा. तू मार खाईस्तवर तिथं हुबा ऱ्हायलास, ह्यो तुजा.” लोक हसले, पण त्या बांधावर पुन्हा काठी उचलली गेली नाही. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र सरकार हरलं. कार्यकर्ते गावात शिरले की कुत्री भुंकायची आणि पोलिसांना सुगावा लागायचा, म्हणून मामांनी दवंडी पिटवली की दिवस मावळायच्या आत प्रत्येकानं आपापल्या कुत्र्याला पोटभर भाकरी घालावी. कुत्र्यांनी भाकरी खाल्ली आणि ती जोमानं भुंकू लागली.

अशा माणसाला अर्धा मुलूख देव मानायचा आणि अर्धा मुलूख म्हणायचा, ह्यापेक्षा फौजदार बरा, तो निदान पैसे खाऊन गप बसतो. मी पहिल्या अर्ध्यातला. माझ्या वडिलांना मी औतामागं हवा होतो. मामांनी निरोप धाडला, “पोरगं सांगलीला कालेजात जाणार. इनंती न्हाई, हुकूम हाय.” आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो तो असा, सरकारी धाकानं. पहिल्या वर्षाला असल्यापासूनच ते मला ‘बीए’ म्हणायचे. जगातल्या कुठल्याही विद्यापीठानं इतक्या झटपट पदवी दिलेली नाही.

पण मामांची कारकीर्द गाजली आणि संपली ती लग्नांच्या हुकमावरून. लग्नापायी घरं बुडतात म्हणून त्यांनी हुंडा बंद केला, वाजंत्री बंद केली, हळद बंद केली, वरात बंद केली. नवरानवरीनं एकमेकांना सुताचे हार घालायचे, वऱ्हाडानं गुळाचं पाणी प्यायचं आणि दुपारच्या पाळीला मोट धरायला आपापल्या विहिरीवर जायचं. इथवर लोकांनी सोसलं. मग मामांनी व्याह्यांच्या रुसव्यावर बंदी घातली. “सोयऱ्यानं रुसायचं न्हाई. रुसला तर त्याला तसाच सोडून पंगत उठवायची.” आमच्याकडे वरबाप रुसल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. तो मांडवाकडे पाठ करून बसणार, मुलीच्या बापानं जाऊन मनधरणी करायची, फेटा बांधायचा, मगच पंगत बसायची. मामांच्या राज्यात म्हातारी माणसं न रुसता, उदास चेहऱ्यानं जेवू लागली.

बायकांनी यावर उपाय काढला होता. गव्हर्नरांनी लावलेलं लग्न त्या मुळी लग्न धरतच नसत. चार दिवसांनी जोडप्याला नदीपलीकडे, म्हणजे मामांच्या मुलखाबाहेर नेऊन, हळद लावून, अक्षता टाकून पुन्हा लग्न लावायच्या. साऱ्या सहा गावांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला.

मग मामांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न निघालं. स्थळ कवठे महांकाळच्या बाजूचं, कोरडवाहू पण मानी. मामांनी ते लग्न खोपीसमोर स्वतः लावलं, आणि गुळाच्या पाण्यात लिंबू पिळायला परवानगी दिली, ही बापाची माया. पण सासू उंबऱ्यातच आडवी झाली. “बिनहळदीची पोरगी आमी घरात घेत न्हाई,” म्हणाली. पोर आल्या पावली माहेरी परतली आणि चुलीपुढं बसून राहिली. सरकारच्याच लेकीला नदीपलीकडे न्यायला कुणी बाई धजली नाही. एक सुगी गेली. गावातल्या बायका पाण्याला जाताना दारात थांबून हळहळू लागल्या, तशी तिनं पाणवठ्यावर जाणंच सोडलं.

मामा हटेनात. “आपल्या पोरीसाटनं हुकूम मागं घेतला, तर उद्या लोक थुकतील तोंडावर.”

मामी शांतपणे म्हणाल्या, “आवं, मग सरकारच घेऊन बसा घरात. पोरगी मी धाडते.”

नदीपलीकडे मामींच्या माहेरी हळद ठरली. मी सांगलीहून आलो. मांडवात पाहतो तर मामांनी लग्नं लावलेली बहुतेक जोडपी हजर, अनुभवी माणसांसारखी कामं वाटून घेत होती. हळद झाली, अक्षता पडल्या आणि वरबाप रुसला. बांधावर लिंबाखाली पाठ करून बसला. मामींचे भाऊ गेले, गावचे पाटील गेले. “पोरीच्या बापाबिगर मी उठायचा न्हाई,” एवढंच तो म्हणे. पंगत खोळंबली. आणि पोरीचा बाप तर पोलिसांचा फरारी, त्यातून या लग्नाचा वैरी.

तेवढ्यात मामा नदी उतरून आले. हातात काठी, बरोबर दोन कार्यकर्ते. ते लग्न मोडायला आले होते, हे त्यांच्या चालण्यावरून कुणालाही कळलं असतं. लेक पिवळ्या अंगानं पाटावर बसली होती. तिनं बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मामा तसेच उभे राहिले. मग त्यांनी काठी बरोबरच्या माणसाकडे दिली आणि लिंबाकडे चालू लागले.

व्याह्यांनी मान वळवली नाही. “कोन आलंय?” विचारलं.

“पोरीचा बाप,” मामा म्हणाले.

“गव्हर्नर न्हाई व्हय?”

“न्हाई.”

मामांनी डोक्याचा फेटा सोडला, झटकला आणि आपल्या हातांनी व्याह्यांच्या डोक्याला बांधू लागले. त्यांचं उघडं डोकं मी प्रथमच पाहत होतो. पार टक्कल होतं. “चला पाव्हणं, जेवून घ्या,” ते म्हणाले. “इनंती हाय.”

व्याही उठले. मामा जेवले नाहीत. पोलिसांना वर्दी जायच्या आत ते उघड्या डोक्यानं नदीत उतरले, आणि ते दिसेनासे होईतो लेक काठावर उभी होती.

आठवड्याच्या आत त्यांनी स्वतःच वर, चळवळीच्या पुढाऱ्यांना, कळवलं की आपण आपलाच हुकूम मोडला. वरच्यांनी त्यांना दूर केलं, आणि ते बरोबरच केलं असं मामाच सगळ्यांना सांगत फिरले. पुढं स्वातंत्र्य आलं. हारतुऱ्यांच्या सभेत व्यासपीठावर बरेच लोक दिसले, ज्यांना त्या वर्षांत कुणी उसात पाहिलं नव्हतं. मामा मागं माणसांत उभे होते. मी नोकरीला लागल्यावर एकदा धीर करून विचारलं, “मामा, त्या फेट्याचं कधी वाईट वाटतं का?”

ते पूर्वेकडे, कवठ्याच्या वाटेकडे बघत म्हणाले, “पोरगी नांदतीया न्हवं, बीए?”