तार काढलेल्या बाटल्या

आमच्या ह्यांना घरी बियर करायचा नाद लागला तेव्हा आम्ही मंचरला राहत होतो. पुण्यातल्या मित्राकडून शिकून आले आणि मागच्या खोलीत पिंप, नळ्या आणि झाकणं दाबायचं यंत्र मांडून बसले. त्या खोलीचा आंबूस वास मला कधीच सोसला नाही. मी तोंडावर सांगत होते, पण ऐकतंय कोण.

बाटल्या वापरलेल्याच लागायच्या. भंगारवाल्याचं पोतं अंगणात उपडं झालं की हे मुलगी बघायला आल्यासारखे समोर बसायचे. पांढऱ्या काचेची नको, उजेडानं बियर नासते. आट्यांच्या तोंडाची नको, तिला आपलं झाकण बसत नाही. मग तोंडावरून अंगठा फिरवायचा, टवका लागला की बाटली बाद. मला बघायला आले तेव्हा एवढं निरखलं नव्हतं. धुवायचं काम अर्थात माझं.

थोरले दीर बेल्ह्याकडे शेती करायचे. बांधावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. माझं आणि जाऊबाईंचं त्याच्याही आधीपासून. एका नणंदेनं मध्ये पडून मिटवलं, आणि थोड्याच दिवसांनी जाऊबाई टेम्पोतून पोतं घेऊन दारात हजर.

"तुमच्या भाऊजींनी धाडल्यात," त्या म्हणाल्या. "लई चांगल्या हायेत. धुऊनच आणल्यात."

हे हरखले. सगळ्या तपकिरी, जाड काचेच्या, तोंडं शाबूत. एकही बाद केली नाही. "पहिली बाटली दादालाच पाजणार," म्हणाले आणि डोळे पुसले. मला चीड आली.

जाऊबाईंना चहा देऊन मी बाटल्या खळबळायला घेतल्या. पहिलीच उन्हात धरली तर मानेभोवती गंजाचं बारीक कडं दिसलं. दुसरीलाही तसंच. आमच्याकडे फवारणीचं औषध उरलं की बियरच्या बाटलीत ओततात आणि मानेला तार गुंडाळतात. तार दिसली की ती बाटली घरात येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"जाऊबाई, ह्या बाटल्यांच्या तारा कुठं गेल्या?"

"म्या काढल्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "देण्याघेण्याची वस्तू ती. तारा गुंडाळून कशी द्यायची? बरं दिसतं का? सोड्यानं धुतल्यात की चांगल्या."

मी एकेक बाटली अंगणाच्या कडेच्या दगडावर फोडायला लागले. ह्यांनी माझा हात धरला. "अगं, दादानं दिल्यात."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि पुढची फोडली.

हे कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोटात विष गेलं नाही याचं काही नाही, भावाची भेट फुटली याचंच दुःख. भावांचं बोलणं पुन्हा तुटलं ते तुटलंच. जाऊबाईंनी भोळेपणानं केलं की मुद्दाम, यावर नणंदा अजून भांडतात. मला विचाराल तर मी त्यांना भोळं कधीच धरलं नाही.

लग्नाकार्यात आम्ही भेटतो. त्या चहा पुढं करतात, मी कप आधी नाकाशी धरते. सगळ्यांदेखत धरते. त्या माझ्याकडे बघत राहतात, मग कप ओढून घेतात, एक घोट स्वतः पितात आणि परत माझ्या हातात देतात. उष्टा चहा मी पीत नाही म्हणते आणि कप खाली ठेवते.