दाणे कसे लागतात

शेंगदाण्याला माझ्या नणंदेइतकं घाबरणारं माणूस अख्ख्या पुण्यात दुसरं नसेल, आणि तिचा नवरा मार्केट यार्डात शेंगदाण्याचाच व्यापारी. संध्याकाळी तो बिबवेवाडीच्या घरी आला की थेट न्हाणीघरात. कपडे वेगळ्या बादलीत, आणि अंघोळ झाल्याशिवाय लेकीला हात लावायचा नाही. लग्नाकार्यात ही आधी आचाऱ्याला गाठणार. कोशिंबिरीत कूट आहे का, भाजीला तीच पळी वापरली का. एकदा एक आचारी वैतागून म्हणाला, "बाई, मी स्वयंपाक केलाय, गुन्हा नाही." ही शांतपणे म्हणाली, "तेच विचारतेय." आणि पिशवीतला डबा काढून लेकीला भरवायला बसली.

आम्ही हसायचो. पण ती पोर वर्षाची असताना साबुदाण्याच्या खिचडीचं बोट चाटून कशी सुजली, श्वास कसा अडकला, हे मी रिक्षात शेजारी बसून पाहिलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर हिच्या सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी असताना दाण्याचे लाडू खाल्लेस, ते बाधले." चुलत सासूबाई म्हणाल्या, "कमी खाल्लेस." चूक आईची, यावर मात्र दोघींचं एकमत होतं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने दाणे सोडायचं ठरवलं. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"मला लहानपणापासून दमा आहे," ती म्हणाली. "माझ्यामुळेच झालं का?"

"ॲलर्जीची प्रवृत्ती आईवडिलांकडून येऊ शकते," बाई म्हणाल्या. "पण आईच्या शरीरातलं संरक्षणही बाळाला मिळतं, आधी रक्तातून, मग दुधातून. ज्या अन्नाची तुमच्या शरीराला ओळख आहे, त्याबाबत बाळालाही थोडी मदत होत असावी. खात्री कोणी देणार नाही. तुम्हाला दाणे चालतात ना? मग सोडू नका."

तेव्हापासून ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन, औषध घ्यावं तसे उभ्याने भाजके दाणे खायची. मग चूळ भरून, साडी बदलून घरी. एकदा खाता खाता म्हणाली, "वहिनी, मला हे किती आवडायचे, विसरलेच होते." आणि अपराध्यासारखी मूठ डब्यात रिकामी केली.

मुलगा झाला. सहा-सात महिन्यांचा झाल्यावर त्याला दवाखान्यात, बाईंच्या देखत, दाण्याची पातळ पेज चाटवली. आम्ही त्याच्या ओठांकडे बघत बसलो. काही झालं नाही. उलट त्याने चमच्याकडे हात केला. मी सुटकेचा निःश्वास सोडला, ही मान खाली घालून म्हणाली, "तिला का नाही देता आलं मला हे?"

बाई म्हणाल्या, "दोन्ही वेळा आई तीच होती हो. आम्हालाही सगळं कळत नाही."

आता पोर सात वर्षांची आहे. परवा माझ्याकडे जेवताना तिने विचारलं, "आई, दाणे कसे लागतात गं?"

नणंदेने तिच्या ताटात पोळी वाढली. "काही विशेष नाही," ती म्हणाली. "भुशासारखे. कोरडे."

पोरीचं समाधान झालं. ती पोळी खाऊ लागली.