भोईरांनी पुसलेला पुरावा

काशिनाथ भोईर गेले, हे मला आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर वाचून कळले. माझ्या घराच्या बरोबर खालच्या मजल्यावर अठरा वर्षे राहिलेला माणूस जातो आणि ती बातमी मला पाण्याच्या टाकीच्या सफाईच्या सूचनेशेजारी, खडूने लिहिलेली मिळते... सूचनेवर तारीख नव्हती, सही नव्हती, अंत्यविधीची वेळ खोडून पुन्हा लिहिलेली होती. मी वर येऊन सचिवांच्या नावे निषेधाचे पत्र लिहायला घेतले. दोन ओळींनंतर लक्षात आले, की मला कोणी घरी येऊन सांगितले नाही याला सचिव जबाबदार नव्हते. भोईरांच्या आणि माझ्या घरामध्ये सात महिने बोलणे बंद होते, आणि ते मी बंद केले होते. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. भोईरांवरचा माझा राग मात्र अजून शिल्लक आहे. तो लपवून लिहिणे मला जमणार नाही.

भोईर मूळचे पालेगावचे. आमची इमारत त्यांच्या वडिलोपार्जित भातशेतीवर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या घरात ते राहत, आणि वाहनतळातील माझ्या जागेकडे बोट दाखवून "इथं आमची मली होती, वांगी लय गोर यायची" असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत; मली म्हणजे भाजीचा मळा आणि गोर म्हणजे गोड, हे मला मागाहून कळले. पहिल्याच भेटीत मी त्यांना मंजूर नकाशा आणून दाखवला होता. त्यांनी तो उलटा धरून शांतपणे पाहिला आणि "वांगी दिसत नाय यात" म्हणून परत दिला. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली. मी त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्यात कामगार-कायद्याचा अधिकारी होतो. वकिलीची सनद मी कधी घेतली नाही, तरी ते मला 'वकील' म्हणत. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे ठरवण्याइतका पुरावा त्यांनी मला कधीच दिला नाही.

निवृत्तीनंतर रविवार सकाळी गाड्यांची आतली बाजू साफ करणे हा त्यांचा छंद झाला. आधी स्वतःच्या मुलाची गाडी, मग ज्याने हाक मारली त्याची. यंत्र त्यांच्याकडे एकही नव्हते. काथ्याचा एक ब्रश, दातांचे जुने ब्रश, खायचा सोडा, कपडे धुण्याची पावडर आणि फाटक्या लुंगीचे तुकडे एवढाच संसार. इमारतीच्या आवारात वाहने धुण्यास मनाई करणारा नियम मी स्वतः लिहून सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतला होता. त्यानुसार मी त्यांना हटकले, तर बादलीतले पाणी हाताने घुसळत ते म्हणाले, "धुतो कुठं, वकील? पानी खाली, वर फेस. मी फेस तेवढा उचलतो. तुमच्या नियमात फेस हाय का?" मी वर जाऊन नियम पुन्हा वाचला. त्यात फेस नव्हता. ही त्रुटी दूर करण्यासाठी मी पुढच्या सभेत दुरुस्ती मांडली. ती एकविरुद्ध सव्वीस मतांनी फेटाळली गेली. विरोधकांपैकी निम्म्यांच्या गाड्या त्यांनी फुकट साफ केलेल्या होत्या, ही बाब इतिवृत्तात नोंदवावी अशी माझी मागणीही मान्य झाली नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. मुलीच्या डोहाळजेवणासाठी आम्ही सोनिवलीला तिच्या घरी मुक्कामाला गेलो असताना नदीचे पाणी तिच्या इमारतीच्या वाहनतळात शिरले आणि माझी गाडी सीटपर्यंत बुडाली. इंजिनाचा खर्च विमा कंपनीने दिला. आतील गालिचा आणि सीटच्या कापडाविषयी मात्र कळवले, की तो 'अस्वच्छतेचा' प्रकार आहे, हानीचा नाही. पुराचा गाळ कापडाच्या धाग्यात मुरणे ही हानी नव्हे, तर मग हानी म्हणजे काय? मी कंपनीला अकरा पत्रे लिहिली. छायाचित्रांवरून गाळ किती खोल मुरला हे सिद्ध होत नाही, असे त्यांचे उत्तर आले. तेव्हा मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आणि प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असे ठरवले. इंजिन दुरुस्त करून गाडी आमच्या वाहनतळात आणली आणि दारांना सही केलेल्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. उरलेल्या ओलीला आत बुरशी धरली. वास जिन्यापर्यंत येऊ लागला. शेजाऱ्यांच्या तक्रारींना मी वेळेवर, मुद्देसूद उत्तरे देत राहिलो. पुरावा हा पुरावा असतो. तो सुगंधी असलाच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही.

भोईर तेवढे दिवस गाडीभोवती आजारी जनावराभोवती फिरावे तसे फिरत. "कापड मरतंय हो. अजून सुकं हाय तोवर झटकून निघंल. एकदा का बुरशी धाग्यात बसली..." मी त्यांना प्रत्येक वेळी नाही म्हणालो. मग मुलगी बाळंत झाली, आणि बाळाला घरी आपल्याच गाडीतून आणायचे असे आमच्या सौभाग्यवतींनी ठरवले. "त्या बुरशीत नातीला बसवणार?" त्यांनी विचारले. भाड्याची गाडी करू, असे मी म्हणालो. त्या गप्प बसल्या. तो होकार आहे असे मी गृहीत धरले, आणि आयोगापुढील तारखेसाठी ठाण्याला गेलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा गाडीची चारही दारे सताड उघडी होती. काय काय केले ते भोईरांनी मी न विचारता सांगितले. आधी सगळा वाळलेला गाळ कोरडाच काथ्याने सुटा केला. त्याला पाणी दाखवले असते तर तो पुन्हा आत गेला असता. मग फेस, तोही डागाच्या कडेकडून मध्याकडे. शिवणींत दातांचा ब्रश. वरून लुंगीचे तुकडे दाबून धरायचे, घासायचे नाही. "घासलं का कापड चिडतं. दाबलं का पिऊन घेतं." शेवटी सोडा पसरून, ऊन सरकेल तशी गाडी ढकलत ढकलत दिवसभर वाळवली होती. सीटांचा मूळ राखाडी रंग मी विसरलो होतो. तो मला दिसला, आणि मी आयुष्यात इतका संतापलो नसेन. तीन महिन्यांचा पुरावा एका बादलीत गेला होता.

"चावी मी दिली," सौभाग्यवती वरच्या खिडकीतून म्हणाल्या. "काय नोटीस पाठवायची ती मला पाठवा."

मी ती भोईरांना पाठवली. खालच्या मजल्यावर, रजिस्टर्ड पोस्टाने. पुराव्याचा नाश, परवानगीविना मालमत्तेत हस्तक्षेप, आणि यापुढील सर्व संपर्क केवळ लेखी असावा. नोटीस मिळाली त्या दिवशी ते वर आले. हातात लिफाफा होता, न फोडलेला. पोस्टमनला सही देऊन घेतला आणि तसेच जिना चढले असावेत.

"वकील, दोन शब्द ऐका तं."

"लेखी द्या."

"आवो, मी लिवू? पगाराला सही करायचो, तिलाबी पोरं हसायची."

"मग दुसऱ्याकडून लिहून घ्या."

आत नातीचा आवाज आला तेव्हा उंबऱ्याशी उभ्या भोईरांनी मान वाकवून पाहिले, हसले, आणि उतरून गेले. आमचे शेवटचे बोलणे ते हेच. पाहणी करणारा माणूस आला त्या दिवशी ते पुतणीच्या हळदीला पालेगावला होते. त्या माणसाने दारे उघडली, नाकाने श्वास घेतला आणि 'आतील कापडास दृश्य हानी नाही' असे लिहून दिले. तक्रार त्या मुद्द्यावर फेटाळली गेली. मी निकालाच्या पानावर समासात भोईरांचे नाव लिहिले. जिन्यात ते समोर आले की मी मोबाइलमध्ये पाहू लागे. पहिले काही दिवस ते थांबत... नंतर त्यांनीही थांबणे सोडले.

गेल्या आठवड्यात गाडीत दुधाची पिशवी फुटली. साफ करणारे कोणी उरले नाही, म्हणून मी स्वतः काथ्या घेऊन बसलो. पुढील डाव्या सीटखाली दूध गेले होते, म्हणून ती रेटून पूर्ण मागे सरकवली. खाली गालिच्यावर वीतभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन होता, चारही कडा चिकटपट्टीने बंद केलेला. त्याच्याखाली पुराचा गाळ होता, जसाच्या तसा, धाग्यात मुरलेला, कडेला बुरशीची पांढरी रेघ. भोवतालचा गालिचा स्वच्छ, म्हणून फरक आंधळ्यालाही कळावा. मी तसाच, दुधाच्या हातांनी, खालच्या मजल्यावर गेलो.

भोईरवहिनींनी दार उघडले. मी काय पाहिले ते सांगितले. त्यांना नवल वाटले नाही.

"नमुना तो. कारखान्यात कापडाचा तुकडा राखून ठेवायचे ना, उद्या गिऱ्हाईक भांडला तं दाखवायला. कुठलीबी गाडी करूदे, ते तेवढी जागा सोडायचेच. तुमच्या गाडीला वरून प्लास्टिक मारलं. बोल्ले, वकिलाला लागंल."

"मग मला सांगितले का नाही?"

"आले व्हते की सांगायला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही लेखी मागितलं."

त्यांनी मला आत बोलावले, हात धुवायला पाणी दिले.

मला अजूनही भोईरांचा राग येतो. मुलाकडून चिठ्ठी लिहून घेता आली असती. माझ्या पत्नीच्या कानावर घालता आले असते. नातीला पाहून हसण्यात जो वेळ घालवला, तेवढ्यात 'सीटखाली बघा' हे दोन शब्द बोलून झाले असते. मी कान झाकून घेतले नव्हते. एवढ्या हुशार माणसाने एका दारातून इतक्या सहज परत जावे?

अपिलाची मुदत केव्हाच संपली आहे. कायद्यात विलंब माफ करण्याची तरतूद आहे, मात्र त्यासाठी पुरेसे कारण द्यावे लागते, आणि ते प्रतिज्ञेवर द्यावे लागते. अर्जाचा मसुदा मी तीनदा केला. तथ्ये क्रमाने आली, कलमे बरोबर लागली, आणि तिन्ही वेळा मी त्याच जागी थांबलो. पुरावा कुठे आहे हे सांगणारा एकमेव साक्षीदार माझ्या दारात उभा होता आणि मी त्याला बोलू दिले नाही, हे कारण खरे आहे. ते पुरेसे आहे असे मी कोणत्या तोंडाने लिहू... आज रविवार. दुधाचा डाग कडेकडून मध्याकडे काढला, लुंगीचा तुकडा वहिनींनी दिला. सीटखालचा चौकोन तेवढा सोडला, आणि सुटलेल्या कडेला नवी चिकटपट्टी लावली.